पाटा, वरवंटा आणि विजेची दोन यंत्रे

मॉरिशसमधील मराठी घरात लग्न ठरले म्हणजे आहेराच्या यादीत विजेच्या एखाद्या यंत्राचे नाव बहुधा येतेच. आणि ते आले की घरात एक लहानसा वादही उपस्थित होतो. नव्या सुनेला ब्लेंडर हवा असतो, कारण तो थोडक्या पैशांत मिळतो आणि ओट्यावर फारशी जागा अडवीत नाही. थोरल्या जावेचे म्हणणे असे की, घेणारच असाल तर फूड प्रोसेसर घ्या. तो चिरतो, किसतो, वाटतो आणि कणीकही मळतो. घरातील आजी मात्र या दोघींपैकी कोणाचीच बाजू न घेता परसातल्या काळ्या दगडाकडे बोट दाखविते. हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्यांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर उतरले, त्यांच्या घरी तो केवळ दुकानदारीचा प्रश्न नाही. त्या काळ्या दगडावर पाच-सहा पिढ्यांच्या स्त्रियांनी काय वाटले, कोणत्या परिस्थितीत वाटले, आणि यंत्राने त्यांतले काय राखले व काय गमावले, हे कळल्यावाचून या वादाचा निकाल नीट लागणे कठीण आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे याच बंदरातून आली. त्यांत मुंबईहून निघालेल्या गलबतांतून रत्नागिरीची व एकंदर कोकणपट्टीची मराठी कुटुंबेही होती. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो आज आप्रवासी घाट या नावाने ओळखला जातो आणि २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याची गणना झाली. गलबतावर चढताना मनुष्य अंगावरचे वस्त्र, एखादा तांब्या, एखादे बोचके एवढेच घेऊ शके. जाते किंवा पाटा यांचे ओझे त्या प्रवासात कोणास झेपणार? चव जिभेवर आली, रीत हातात आली. साधन मात्र मागे राहिले.

ते साधन या बेटावर पुन्हा घडले, आणि त्यात निसर्गाचा एक विलक्षण योगायोग आहे. दख्खनचे पठार व सह्याद्री ज्या काळ्या खडकाचे बनले आहेत, त्याच जातीचा ज्वालामुखीजन्य काळा खडक मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून जागोजाग डोके वर काढून बसलेला आहे. उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी तो वेचून त्याच्या राशी रचल्या. आजचे भूशास्त्रज्ञ तर असे मानतात की, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच स्थानाने पुढे, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशसचे बेट समुद्रातून वर काढले. मजुरांना हे शास्त्र ठाऊक असणे शक्यच नव्हते. परंतु टाकीचा घाव बसताच तो दगड कसा बोलतो, खडबडीत पृष्ठावर मिरची कशी धरली जाते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. म्हणून घाटावरचा पाटा या बेटावर परका ठरला नाही.

क्रिओल भाषेत त्याला 'रोश-कारी' हे नाव पडले; म्हणजे कारीचा, कालवणाचा दगड. त्याच्या वरवंट्याला म्हणतात 'बाबा', आणि क्रिओलमध्ये 'बाबा' म्हणजे तान्हे मूल. मराठी माणसास या नावाचे नवल वाटू नये. महाराष्ट्रात बारशाच्या दिवशी वरवंट्यास बाळासारखे गुंडाळून, त्याला 'गोप्या' म्हणून पाळण्याखालून-वरून फिरवितात आणि मगच खऱ्या बाळाला पाळण्यात ठेवतात. पाचवीच्या पूजेतही पाटा-वरवंट्याला मान असतो. बेटावरचे नाव त्या चालीवरूनच आले असे सिद्ध करता येणार नाही. पण दोन दूरच्या लोकांनी एकाच दगडात तान्हे बाळ पाहिले, ही गोष्ट मनास हृद्य वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि या दगडाचे गुणगान करताना एक गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. दगड स्वतः काही वाटीत नाही. वाटतात ते हात. मळ्यावरच्या शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ असे मोजके जिन्नस मिळत. त्या फिक्या शिध्याला चव आणण्याचे सारे काम वाटणाने करावयाचे. मिरची, हळद, धने, जिरे, लसूण, चिंच. हे सगळे रोज ताजे वाटावयाचे आणि तेही दिवसभराच्या श्रमांच्या आधी किंवा नंतर. त्या काळी एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची 'डबल कट' नावाची जुलमी पद्धत मळ्यांवर चालू होती. ज्या कँपात पुरुषाच्या एकेका दिवसाचे मोल असे कठोरपणे मोजले जात होते, तेथे स्त्रीच्या वाटणाच्या घटकेची मोजदाद मात्र कोणत्याच वहीत झाली नाही. गुडघे टेकून, कमरेत वाकून, साऱ्या अंगाचा भार मनगटावर घेऊन केलेले ते काम होते.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी दळणाच्या अशाच श्रमांतून ओवी निर्माण केली. जनाबाईच्या जात्याला हात लावण्यास प्रत्यक्ष विठ्ठल येतो, ही कथा मराठी मनाने जपली. कारण पहाटेच्या त्या एकाकी कामात कोणीतरी सोबतीस यावे, ही प्रत्येक दळणारणीची आस होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या वाचल्या म्हणजे कळते की, दळणारीण जात्याला सखी मानते, तशीच वैरीणही मानते. तेव्हा जुन्या साधनाची आठवण काढणाऱ्याने त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विजेचे यंत्र आले तेव्हा स्त्रियांनी त्याचे स्वागत केले, ते आळसाने नव्हे.

आता दगड नेमके काय करतो, ते पाहिले पाहिजे. कारण यंत्रांची पारख त्यावरूनच होते. पाट्यावर पदार्थ कापला जात नाही, तो चिरडला जातो. वरवंटा पुढे जाताना दाबतो आणि मागे येताना ओढतो. त्यामुळे खोबऱ्यातील तेल, पुदिन्यातील अर्क, मिरचीतील तिखटपणा हे दबावाने बाहेर येऊन एकमेकांत मुरतात. शिवाय वाटणारणीला प्रत्येक फेऱ्याला पदार्थ डोळ्यांसमोर दिसतो. कोठे थांबावयाचे, कोठे पाण्याचा शिपका द्यावयाचा, हे तिचा हात ठरवितो. विजेच्या यंत्रात दाब नाही; तेथे धारदार पाती अतिवेगाने फिरून पदार्थाचे तुकड्यांमागून तुकडे करतात. दोन्ही यंत्रे मूलतः वाटीत नसून कापतात. आणि ती कशी कापतात, यातच त्यांचा भेद आहे.

ब्लेंडरचा जन्म पेयासाठी झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात रसीन नावाचे गाव आहे. हॉर्लिक्सचा कारखानाही याच गावचा. तेथील स्टीफन पोप्लाव्स्की या पोलिश वंशाच्या गृहस्थाने १९२२ साली भांड्याच्या तळाशी फिरती पाती बसविण्याची कल्पना काढली, ती माल्टयुक्त दूध घुसळण्यासाठी. पुढे फ्रेड ओसियस याने ती सुधारली. त्याला भांडवल दिले फ्रेड वेअरिंग या लोकप्रिय वाद्यवृंदाच्या नायकाने, आणि १९३७ साली शिकागोच्या उपाहारगृह-प्रदर्शनात ते यंत्र लोकांपुढे आले. भांडे उंच व निमुळते, पाती तळाशी व लहान, वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्याही वर. या तिन्ही गोष्टी एकाच हेतूने केलेल्या आहेत. पाती फिरताच द्रवात भोवरा उठतो आणि तो वरचा पदार्थ खेचून पात्यांवर आणून टाकतो. म्हणजे द्रव हाच या यंत्राचा दुसरा हात होय. द्रव नसेल तर भोवरा नाही. मग पात्यांभोवती पोकळी निर्माण होऊन ती नुसतीच गरगरतात, आणि वरचा पदार्थ जागचा हालत नाही.

फूड प्रोसेसरची जन्मकथा निराळी आहे. फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात प्येर वेर्दँ हे उपाहारगृहांना सामान पुरविणारे गृहस्थ होते. स्वयंपाक्यांचा किती वेळ चिरण्यात, किसण्यात व मळण्यात जातो, हे ते रोज पाहत असत. त्यातून १९६० नंतरच्या काही वर्षांत 'रोबो-कूप' हे मोठ्या स्वयंपाकघरांचे यंत्र तयार झाले आणि १९७१ साली 'माजिमिक्स' या नावाने त्याची घरगुती आवृत्ती निघाली. त्याच वर्षी पॅरिसच्या एका प्रदर्शनात कार्ल सोंथायमर या अमेरिकन अभियंत्याने हे यंत्र पाहिले, आणि १९७३ साली 'क्विझिनार्ट' म्हणून ते अमेरिकेत आणले. फ्रेंच वळणाच्या घरांत या यंत्रास नुसते 'रोबो' म्हणतात, ते यामुळेच. याचे भांडे रुंद व बसके असते. मधल्या उभ्या दांड्यावर विळ्यासारखी दोन वाकडी पाती बसतात आणि त्यांचा वेग ब्लेंडरच्या मानाने पुष्कळच कमी असतो. भोवऱ्याची येथे गरज नाही, म्हणून पाण्याचीही नाही. पाती काढून चकती बसविली की तेच यंत्र किसणीचे किंवा विळीचे काम करते. ब्लेंडर दुधाच्या पेल्यातून जन्मला आणि प्रोसेसर चिरण्याच्या फळीवरून. दोघांचा स्वभाव आजही तोच आहे.

यांपैकी एकही यंत्र हळद, धने, सुके खोबरे किंवा भिजलेली डाळ डोळ्यांसमोर ठेवून घडविलेले नव्हते. ती उणीव मुंबईत भरून निघाली. १९६३च्या सुमारास माधुरी माथुर यांच्या घरचे जर्मन बनावटीचे यंत्र भारतीय वाटणाच्या भाराने निकामी झाले आणि त्याच्या दुरुस्तीची सोय तेथे होईना. तेव्हा त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी अधिक बळकट मोटर व जाड पाती घेऊन 'सुमीत' हा मिक्सर सिद्ध केला. त्याची धातूची भांडी घट्ट असत आणि त्यांत कोरडा मसालाही दळता येई. भारतीय घरांत 'मिक्सर' हा शब्द रूढ झाला तो या जातीच्या यंत्रामुळे. मॉरिशसमधील ज्या घरांत नातेवाईक मुंबईहून असे यंत्र घेऊन आले, तेथे ब्लेंडर की प्रोसेसर या प्रश्नास तिसरे उत्तरही आहे.

या बेटापुरते पाहावयाचे तर येथील केंद्रीय वीज मंडळाची स्थापना १९५२ साली झाली आणि त्यानंतर हळूहळू खेडोपाडी दिवे पोहोचले. दिव्यामागोमाग इस्त्री आली, शीतकपाट आले आणि मग वाटणाचे यंत्र. ज्या स्त्रीची आजी पाट्यावर वाकली होती, ती आता उभी राहून कळ दाबू लागली. परंतु कळ दाबल्यानंतर भांड्यातून जे निघाले, ते प्रत्येक वेळी ओळखीचे नव्हते. तक्रार सुरू झाली ती येथून.

गातो-पिमाँचे उदाहरण घ्यावे. पिवळ्या वाटाण्याची डाळ भिजवून, निथळून, भरड वाटून त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर व कांद्याची पात घालावयाची आणि लहान लहान वडे तळावयाचे. या वड्याचे सारे सौंदर्य त्याच्या भरडपणात आहे. ब्लेंडरमध्ये ही डाळ फिरत नाही म्हणून गृहिणी पाणी घालते. पाणी पडले की डाळीचा गंध होतो, आणि असा वडा तेलात एक तर फुटतो, नाही तर आत घट्ट राहतो. प्रोसेसरमध्ये हेच काम कळ थांबून थांबून दाबल्यास दोन मिनिटांत होते. डाळपुरीचे सारणही तसेच. शिजवून निथळलेली डाळ येथे कोरडी व भुरभुरीत व्हावी लागते, म्हणजे ती पुरीच्या पोटात सर्वत्र पसरते. पूर्वी हे काम हाताने फिरविण्याच्या गिरणीवर होई. आज ते प्रोसेसरचे आहे. पुरणाची गोष्ट थोडी निराळी. पुरण मऊ हवे, पण चिकट नको; म्हणून पुरणयंत्राची चाळणी अजूनही सर्वांत विश्वासू, आणि ती नसल्यास प्रोसेसर बरा. शिजलेल्या डाळीत ब्लेंडर घातला तर तिची खळ होते, आणि मग पोळी लाटताना पुरण कडेने बाहेर येते.

याउलट जेथे पदार्थ ओला आणि अगदी गुळगुळीत हवा, तेथे ब्लेंडरची बरोबरी प्रोसेसरने करू नये. घावनासाठी भिजविलेला तांदूळ, नारळाचे दूध काढण्यासाठी पाण्यासह फिरवावयाचे खोबरे, कालवणासाठी कांदा-लसूण-आल्याचे पातळ वाटण, फळांचे रस. ही सर्व कामे भोवऱ्याची आहेत. प्रोसेसरच्या रुंद भांड्यात पातळ पदार्थ कडेवर उडतो, प्रसंगी मधल्या दांड्यावाटे बाहेरही येतो, आणि तांदळाची कणी तशीच राहते. मात्र कढत पदार्थ बंद ब्लेंडरमध्ये भरून कधीही फिरवू नये. आतल्या वाफेने झाकण उडून हात पोळण्याचे भय असते. अशारसाठी कोबी, गाजर, फरसबी बारीक उभी चिरावयाची असली तर चकतीचा उपयोग उघड आहे. लग्नघरी मणभर भाजी चिरताना तिचे मोल विशेष कळते.

राहिली सातिनी, म्हणजे चटणी. आणि येथे दोन्ही यंत्रांना मान खाली घालावी लागते. भाजलेले खोबरे, चिंच, पुदिना व मिरची यांची सातिनी ब्लेंडरमध्ये पाण्यावाचून फिरत नाही, आणि पाण्याने तिचा जीव जातो. प्रोसेसरमध्ये ती पाण्यावाचून होते, पण खोबऱ्याचे कण सुटे राहतात; त्यांतले तेल पुरते बाहेर येत नाही. पोम-दामूरची, म्हणजे टोमॅटोची, सातिनी ब्लेंडरमध्ये घातल्यास हवेच्या बुडबुड्यांनी फिकट गुलाबी फेस होतो. ती पाट्यावर चेचलेलीच खरी. कोरड्या मसाल्यासाठी मुंबईचा मिक्सर चांगला. पण मूठभर सातिनीसाठी दहा मिनिटे दगडापाशी बसणे अजूनही व्यर्थ नाही.

एवढा विचार झाल्यावर निवडीचे सूत्र सांगणे अवघड राहत नाही. ज्या घरी डाळपुरी, गातो-पिमाँ, अशार आणि सणावारी मोठा स्वयंपाक होतो, तेथे आधी प्रोसेसर घ्यावा. ज्या घरी माणसे थोडी, रोज पातळ वाटण, रस किंवा लहान मुलाची पेज लागते, तेथे ब्लेंडर पुरे. दोहोंची कामे सारखीच पडत असतील तर निरनिराळी भांडी असलेला बळकट मिक्सर दोघांची बरीच उणीव भरून काढतो. अमेरिकेतील नातेवाइकाने भेट म्हणून यंत्र दिले तर आधी त्यावरील आकडा वाचावा; तेथील वीज १२० व्होल्टची आणि मॉरिशसची २३० व्होल्टची. मध्ये योग्य रोहित्र नसेल तर पहिल्याच दिवशी मोटर जळून जाईल.

परंतु खरा धोका चुकीचे यंत्र घरात येण्याचा नाही. ते बदलता येते. धोका असा की, चुकीच्या यंत्रातून निघालेला पदार्थच पुढच्या पिढीस खरा वाटू लागतो. मॉरिशसमधील पुष्कळ मराठी घरांत आज बोलणे क्रिओलमध्ये चालते आणि मराठी सणाच्या दिवशी, आरतीच्या वेळी ऐकू येते. भाषा जेथे मागे हटली, तेथेही वाटणाची चव टिकून राहिली, कारण ती शिकविण्यास शब्द लागले नाहीत. मुलीने आईच्या हाताकडे पाहिले आणि ती शिकली. यंत्राच्या झाकणाआड हे पाहणे बंद होते. आजीला वाटण 'झाले' हे कसे कळते, ते तिने कोठे लिहून ठेवलेले नाही. आणि ती गेल्यावर ते विचारण्यास कोणी उरत नाही.

म्हणून यंत्र घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एक साधी गोष्ट करावी. एकच सातिनी थोडी रोश-कारीवर व थोडी यंत्रात करावी, आणि दोन्ही बशा घरातील मुलांपुढे ठेवाव्या. दगडापाशी आजीने बसावे, कळ नातीने दाबावी. कोणती अधिक चांगली, याचा निकाल लावण्याची घाई नाही. दोहोंतला फरक जिभेला कळला म्हणजे पुरे. ज्या मुलीला तो फरक कळला, तिच्या हाती कोणतेही यंत्र द्यावे. ती त्याच्याकडून हवे तेच काम करवून घेईल. त्यानंतर रोजच्या वाटणासाठी कोणी दगडाशी झुंजू नये. मागच्या पिढ्यांच्या स्त्रियांनी ते पुरेसे केले आहे.

तो दगड मात्र परसातून काढून टाकू नये. ब्लेंडर आणि प्रोसेसर काही वर्षे चालतील, बिघडतील आणि त्यांच्या जागी नवे येतील. काळ्या खडकाच्या 'बाबा'ला ती भीती नाही. आणि ज्या घरी बारशाची जुनी चाल अजून टिकून आहे, तेथे बाळाच्या आधी पाळण्याचा मान कोणाचा, हा प्रश्न निघाला तर सासू, सून आणि जाऊ यांच्यात मतभेद होण्याचे कारण नाही.